मुंबई हाफ दोन तासांत करायचीय, १० किमी ६२ मिनिटांत होतं आणि नडगी दुखतेय, काय करू?

तुमचा प्रश्न बराच मोठा होता म्हणून आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३९, राहायला डोंबिवली, ऑफिस लोअर परळ, रोज सकाळी लोकल. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफची, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनची, एंट्री कन्फर्म झालीय. १० किमी ६२ मिनिटांत धावून झालंय, पहिलीच हाफ आहे आणि ती दोन तासांच्या आत संपवायचीय. नेटवरून १२ आठवड्यांचा प्लॅन घेतला, दोन आठवड्यांत रविवारची धाव ९ वरून १५ वर नेली आणि आता डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय. विचारलंय काय, तर शूज कोणते, जेल (धावताना ताकदीसाठी घेतात ती गोड पाकिटं) किती, आणि वाटेतल्या पेडर रोडच्या चढाची सगळे भीती घालतात ते खरं का.

मी ठाण्यात बरीच वर्षं रनिंग ग्रुपला कोचिंग करते आणि मुंबई हाफला पेसर म्हणूनही, म्हणजे ठरलेल्या वेळेत बाकीच्यांना घेऊन, धावलेय, त्यामुळे तुमच्यासारखे प्रश्न दर ऑक्टोबरला येतातच. शूज आणि जेलचं पुढे सांगते. पण मला तुमच्या प्रश्नात खरी अडचण वेगळीच दिसतेय. तुम्ही आधी दोन तास हा आकडा ठरवला, मग त्या आकड्याच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला तेवढीच मिनिटं ठेवून, रोज धावायला लागलात, आणि त्याची पावती नडगीने दिली. म्हणजे दुखणं आणि टार्गेट हे दोन वेगळे प्रश्न नाहीयेत.

आधी आकड्याचं बघू. हाफ म्हणजे २१.०९७५ किमी. दोन तासांत करायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद पडतात. तुमचं १० किमीच ६ मिनिटं १२ सेकंदांच्या पेसने झालंय. म्हणजे अर्ध्याहून कमी अंतर तुम्ही जीव काढून ज्या वेगाने धावलात त्याच्यापेक्षा किलोमीटरला अर्धा मिनिट फास्ट, आणि ते दुपटीहून जास्त अंतर. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनीयरने १९७७ साली एक साधं सूत्र दिलं होतं, एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज बांधायचं, आजही बरेच ऑनलाइन कॅल्क्युलेटर तेच वापरतात. त्यात तुमची ६२ मिनिटं टाकली तर हाफ येते साधारण २ तास १७ मिनिटं. आणि उलटं केलं, की दोन तासांच्या हाफसाठी १० किमी किती हवं, तर ५४ मिनिटांच्या जरा वर. ६२ वरून ५४ हा प्रवास होतो, माझ्या ग्रुपात झालेला पाहिलाय, पण तो सहसा एका सीझनचा नसतो.

आणि ते २:१७ पण पूर्ण ट्रेनिंग झालं असेल तर. लाँग रन, म्हणजे रविवारच्या लांब धावा, कमी पडल्या तर तेच २:३० वर जातं, कारण सूत्राला तुमचे पाय माहीत नसतात. म्हणून तुमच्यासाठी मी म्हणेन २:२० धरा, म्हणजे ६:३८ चा पेस. नोव्हेंबरच्या शेवटाला एक १० किमीची रेस धावा आणि परत हिशोब करा. ५९ मध्ये झाली तर २:१० कडे बघायला हरकत नाही. तोवर दोन तासांचं नाव काढू नका, ऑफिसमध्ये सांगून टाकलं असेल तरी.

आता नडगी. इथे मी कोच म्हणून बोलतेय, डॉक्टर म्हणून नाही, आणि न बघता कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण घरी एक गोष्ट करून बघा. खुर्चीत बसा, डावा पाय उजव्या गुडघ्यावर टाका आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्याकडून वर हळूहळू दाबत न्या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडेच ठणकत असेल, धावायला लागल्यावर सुरुवातीला जास्त आणि मग अंग तापलं की कमी होत असेल, तर बहुतेक शिन स्प्लिंटचा, म्हणजे नडगीच्या कडेला ताणाने येणाऱ्या दुखण्याचा, प्रकार आहे, तो धावणं कमी केलं की बसतो. पण एकाच बोटाएवढ्या जागेवर दाबलं आणि जीव गेल्यासारखं झालं, किंवा रात्री झोपेतही ठणकतंय, किंवा त्या एका पायावर उडी मारताच येत नाहीये, तर धावणं आजच बंद आणि ऑर्थोपेडिककडे जायचं. ते हाडातलं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सारख्या भाराने पडलेली बारीक चीर, असू शकतं, आणि सुरुवातीला साध्या एक्सरेत ते बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्सरे नॉर्मल आला की सुटलो असं समजू नका, डॉक्टरला सगळं नीट सांगा. त्यावर स्प्रे मारून धावणाऱ्यांचा सीझनच जातो.

पहिल्या प्रकारातलं असेल असं धरून पुढचं लिहितेय.

हे होतं का ते समजून घ्या, कारण एकदा समजलं की प्लॅनमधलं काय पाळायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. आपण धावायला लागलो की हृदय आणि फुप्फुसं पटकन सुधारतात, तीन-चार आठवड्यांत दम कमी लागायला लागतो. हाडं, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे, तळपायाचे पडदे हे मात्र निवांत असतात, त्यांना महिने लागतात. मग काय होतं, दम म्हणतो अजून पळू, आणि नडगी म्हणते मी अजून तयार नाहीये. ९ वरून १५ च्या रविवारी तुम्हाला दम लागलाच नसणार, मला खात्री आहे. छान वाटलं असणार. सोमवारी जिना उतरताना कळलं असेल.

त्यामुळे दहा दिवस पळणं निम्म्यावर आणा. दुखत नसेल तेवढंच, आणि तेही सपाट रस्त्यावर. बाकी दिवस सायकल किंवा पोहणं, काहीच नसेल तर भरभर चालणं. आणि रोज पोटऱ्यांचा व्यायाम: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा वर, मग हळू खाली, १५-१५ चे तीन सेट, आधी दोन्ही पायांवर, दुखलं नाही तर आठवड्याने एकेका पायावर. दात घासताना करा, वेगळा वेळ काढायची गरज नाही. ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), स्क्वॉट (उठाबशा), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं पुरे. जिम लावायलाच पाहिजे असं काही नाही.

आता मेन गोष्ट, हळू धावणं. ही गोष्ट मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी माणसं मान डोलावतात आणि पुढच्या मंगळवारी परत जीव खाऊन पळतात. तुमच्या आठवड्यातल्या चारपैकी तीन धावा इतक्या हळू हव्यात की तुम्ही धावता धावता आईला फोन लावला तर तिला कळता कामा नये की तुम्ही धावताय. तुमच्या बाबतीत ते आत्ता ७:१५ ते ७:४५ च्या पेसला येईल. लाज वाटेल, बाजूने कॉलेजची पोरं जातील, जाऊ द्या. या वेगाने जास्त वेळ पळलं की स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि साखरेचा साठा शेवटापर्यंत पुरतो. २१ किमीला हेच लागतं. मधल्या वेगाने, म्हणजे धड हळू नाही आणि धड जोरात नाही असं रोज पळलं, तर थकवा पूर्ण मिळतो आणि फायदा अर्धा.

त्यात आत्ता ऑक्टोबर हीट आहे. दुपारी ३४-३५, पहाटे पण चिकचिक. या हवेत तोच पेस ठेवायला हृदयाला जास्त काम पडतं कारण रक्त त्वचा थंड करायलाही पाठवावं लागतं. घड्याळातला पेस बघून निराश होऊ नका. डिसेंबरात हवा थंड झाली की त्याच मेहनतीत किलोमीटरला वीस-तीस सेकंद आपोआप कमी होतात, दर वर्षी लोकांना वाटतं ट्रेनिंगने जादू केली, त्यात अर्धी जादू हवेची असते.

आठवडा कसा लावायचा ते तुमच्या लोकलवर अवलंबून आहे, म्हणून साचेबंद टाइमटेबल देत नाही. तुम्ही लिहिलंय की साडेपाचच्या आधी उठणं जमत नाही आणि रात्री साडेआठला घरी. मग मंगळवारी सकाळी ५-६ किमी हळू. गुरुवारी थोडं वेगाचं काम, पण नडगी शांत झाल्यावरच: दोन किमी वॉर्मअप, मग २० मिनिटं अशा पेसने की चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही, मग दीड किमी हळू. शनिवारी ४-५ किमी अगदी आळसात. रविवारी लाँग रन. एखादा आठवडा ऑफिसने खाल्ला तर मंगळवार सोडा, गुरुवार सोडा, रविवार सोडू नका. आणि सोडलेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही, ती गेली.

रविवार असे वाढवा: ८, ९, १०, मग परत ८. मग ११, १२, १३, परत १०. मग १४, १५, १६, परत १२. मग एक १८. तिथून पुढे दोन आठवडे उतरतं, १३ आणि ८, आणि मग रेस. दर चौथ्या आठवड्याला मागे येणं ऑप्शनल नाहीये, हाड त्या आठवड्यात भरतं. २१ आधी धावून बघायची गरज नाही, १८ ज्याने शांतपणे पूर्ण केले त्याचे उरलेले ३ त्या दिवशीची गर्दी पळवून नेते. डिसेंबरात वसई-विरारची मॅरेथॉन असते, तिथल्या हाफला तुमचे मित्र जाणार असतील तर लाँग रन म्हणून हळू जा, नाहीतर घरीच पळा. महिन्याभरात दोन हाफ जोरात पळणं पहिल्या वर्षी नको.

मधे दिवाळी येईल. फराळ खा, चार दिवसांनी काही होत नाही. नवरात्राचे किंवा कुठलेही उपास करत असाल तर उपासाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लाँग रन ठेवू नका एवढंच, साबुदाण्यावर १४ किमी निघतात पण मग संध्याकाळी डोकं धरून बसावं लागतं. आणि ताप आला तर ताप गेल्यावरही चार-पाच दिवस काही नाही. धावताना छातीत दडपण, चक्कर, धडधड असं काही कधी झालं असेल किंवा घरात कमी वयात कोणाला हार्टचा त्रास झाला असेल तर आधी फिजिशियनला भेटून ईसीजी, ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. चाळिशीच्या तोंडावर हे मी सगळ्यांनाच सांगते.

चढाची प्रॅक्टिस नोव्हेंबरपासून. डोंबिवलीत एखादा फ्लायओव्हर रविवारी पहाटे रिकामा असतो तो चालेल, महिन्यातून एकदा ठाण्याला आलात तर येऊरचा चढ आहेच, पेडर रोड त्याच्यापुढे काहीच नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा खराब असते, धुरकं दिसत असेल त्या दिवशी वेगाचं काम रद्द, हळू धाव किंवा घरात व्यायाम.

शूज. ब्रँड मी सांगणार नाही कारण माझ्या पायाला जो सूट होतो तो तुमच्या पायाला होईलच असं नाही. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात, धावताना फुगतात तेवढे साधारण. ज्या मोज्यांत धावता तेच घालून ट्राय करा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच उचलली जाता कामा नये, आणि दुकानात तरी शंभर पावलं पळून बघा, लाजू नका. साध्या कुशनचे, रोजच्या सरावाचे शूज घ्या. दहा-पंधरा हजारांपुढचे, तळव्यात कार्बनची पट्टी असलेले आत्ता नको, त्यांनी पोटरी आणि पावलावर भार वेगळ्या पद्धतीने येतो आणि तुमची नडगी आधीच तक्रार करतेय. साधारण ५०० ते ८०० किमीला शूज बदलतात, आत्ताचे किती झाले त्याचा अंदाज काढा, ते दुखण्याचं एक कारण असू शकतं. नवे घ्यायचे तर डिसेंबरच्या आधी घ्या आणि १८ किमीची धाव त्यातच करा.

जेल. सव्वादोन-अडीच तास धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात असं सर्वसाधारण गणित आहे, एका जेलमध्ये बहुधा २०-२५ ग्रॅम असतात. तुम्हाला तीन-चार लागतील: पहिलं पाऊण तासाच्या आसपास, भूक लागायच्या आधी, मग दर अर्ध्या-पाऊण तासाने, प्रत्येकावर दोन-चार घोट साधं पाणी. एनर्जी ड्रिंकबरोबर जेल घेऊ नका, पोटात साखर जास्त होते आणि मग काय होतं ते मरीन ड्राइव्हवर टॉयलेट शोधणाऱ्यांना विचारा. जेल आवडत नसेल तर खजूर बिया काढून चालतात, राजगिऱ्याची वडी पण चालते, चिक्की मात्र धावताना चावत बसावं लागतं. जे काही घ्याल ते १४ च्या पुढच्या प्रत्येक रविवारी घेऊन बघा.

पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक स्टेशनला दोन-दोन ग्लास ढोसणारे पण बघितलेत, हळू धावणाऱ्यांना तर वेळही भरपूर मिळतो प्यायला, आणि मग रक्तातलं सोडियम खाली येऊन गरगरतं, तेही धोक्याचं असतं. तुमचा घाम किती जातो ते मोजायचं असेल तर एक तासाच्या धावेआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा, जेवढं कमी झालं तेवढं पाणी गेलं, म्हणजे ७०० ग्रॅम तर ७०० मिली. सगळं भरून काढायचं नसतं, अंदाज यावा म्हणून. आणि रेसच्या सकाळी ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम वगैरे पेनकिलर घेऊन उभं राहायचं नाही, पाणी कमी झालेल्या शरीरात त्याचा त्रास किडनीला होतो, शिवाय दुखणं लपतं.

आता रेसचा आठवडा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, त्या दिवशी सकाळी मिळत नाही, आधीच्या दिवसांत रेसच्या एक्स्पोला (प्रदर्शनाला) जाऊन घ्यावा लागतो, आयडी आणि कन्फर्मेशन बरोबर. शक्यतो पहिल्याच दिवशी संध्याकाळी जा, शनिवारी गेलात तर रांगेत आणि स्टॉलवर फिरण्यात तीन तास उभं राहाल, पाय त्या दिवशी वर पाहिजेत. तिथे स्वस्तात मिळालेला भारी टीशर्ट रविवारी घालायचा नाही. जुना घामाचा ओळखीचा टीशर्ट घाला, कॉटनचा तर नकोच. मांड्यांना आतून, काखेत, आणि पुरुषांनी निपलला व्हॅसलिन किंवा चिकटपट्टी. फिनिशला पांढऱ्या टीशर्टवर दोन लाल रेघा घेऊन फोटो काढणारे दर वर्षी दिसतात, बिचाऱ्यांना अंघोळीला गेल्यावर कळतं.

झोप शनिवारी येणार नाही, सगळ्यांचंच होतं, म्हणून शुक्रवारी पोटभर झोपा. शनिवारी रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, लवकर. उसळ, सलाड, मिसळ, हॉटेलचं काहीही नको. सकाळी रेसच्या दोन-अडीच तास आधी केळं आणि ब्रेड-जाम, किंवा तुमच्या सवयीचं काही. चहा-कॉफी रोज घेत असाल तर घ्या.

हाफ माहीमहून सुटते, पहाटे पाचच्या आसपास, आणि संपते सीएसएमटीजवळ. डोंबिवलीहून निघालात तर दादरला उतरून वेस्टर्नने माहीम. रेल्वे त्या पहाटे जादा लोकल सोडते, वेळा रेसच्या आधी जाहीर होतात, त्या बघून ठेवा. पण तुमची मावशी-आत्या-मित्र कोणी दादर, माटुंगा, माहीमला असेल तर शनिवारी रात्री सरळ तिकडे पथारी टाका, अडीचला उठून लोकल पकडण्यापेक्षा साडेतीनला उठलेलं बरं. टॅक्सीवर विसंबू नका, रस्ते बंद असतात. टॉयलेटची रांग मोठी असते, पोचल्या पोचल्या आधी रांग मग बाकी सगळं.

तुमच्या टायमिंगवरून सुटायच्या आधी कुठल्या होल्डिंग एरियात, म्हणजे कप्प्यात, उभं राहायचं ते बिबवर असतं, पुढच्यात घुसू नका. वेळ मोजणारी चिप बिबलाच असते, तुमची वेळ तुम्ही स्टार्टच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यापासून सुरू होते, त्यामुळे मागे असण्याने काहीच जात नाही. पहिले दीड-दोन किमी गर्दी, तिथे झिगझॅग करून माणसं ओलांडत बसलात तर दमही जातो आणि अंतरही वाढतं. तसंही तुमच्या घड्याळात शेवटी २१.३-२१.४ येईल, कारण रस्ता सगळ्यात छोट्या रेषेने मोजलेला असतो आणि आपण वळणावळणाने पळतो. म्हणून २:२० करायची तर घड्याळात ६:३२-६:३५ चा पेस दिसायला हवा. किंवा २:२० च्या आसपासची बस पकडा, म्हणजे झेंडा घेतलेला पेसर आणि त्याच्या मागचा घोळका. एकटं धावायची सवय असेल तर वीस पावलं मागे राहा, पाण्याच्या टेबलावर बसमध्ये चेंगरायला होतं.

मग वांद्रे-वरळी सी लिंक, समुद्रावरचा पूल. एरवी सहसा त्याच्यावर पायी जायला मिळत नाही, अंधार, समुद्राचा वारा, दिवे, आणि सगळीकडे नुसता बुटांचा आवाज. तिथे सगळ्यांना पंख फुटतात आणि तिथेच हाफ बिघडते. केबलच्या भागाकडे हलका चढ असतो, अंधारात तो डोळ्याला दिसत नाही, पायाला लागतो. मी अडीच तासांची बस घेऊन जाते तेव्हा सी लिंकवर माझ्या शेजारून माणसं सुसाट जातात, हसतात, सेल्फी काढतात. त्यातली निम्मी मला पुढे पेडर रोडवर भेटतात, डिव्हायडरवर एक पाय टाकून पोटरी चोळताना. त्यांना लोक मिठाच्या गोळ्या देतात, पण माझ्या पाहण्यात असे क्रॅम्प, म्हणजे पायात येणारे गोळे, मीठ कमी पडण्यापेक्षा पहिल्या ८ किमीच्या पेसने जास्त येतात. सी लिंकवर मुद्दाम ६:४५ ने जा. सेल्फी घ्यायचाच तर कडेला जाऊन घ्या, मधे थांबू नका.

वरळीला उतरलात की माणसं सुरू होतात, ढोल, बँड, बाल्कनीतून टाळ्या, रस्त्याकडेला आजी-आजोबा संत्र्याच्या फोडी घेऊन उभे. इथे घड्याळ एकदा बघा, कारण टाळ्यांनी किलोमीटरला पंधरा सेकंद कधी वाढले कळत नाही. हाजी अलीपर्यंत तुम्हाला ‘अरे जमतंय की’ असं वाटलं पाहिजे. तिथेच धाप लागलेली असेल तर सुरुवात जोरात झाली, मग पुढचे दोन किमी मुकाट्याने सात मिनिटांवर आणा, अजून वाचेल.

पेडर रोड खरोखर एवढा मोठा नाहीये, इतर दिवशी गाडीतून गेलात तर चढ जाणवणारही नाही. तो तापदायक होतो कारण तो दोन तृतीयांश रेस संपल्यावर येतो. चढावर पेस सोडून द्या आणि मेहनत तेवढीच ठेवा, म्हणजे श्वास जसा हाजी अलीला होता तसाच. पावलं छोटी, हात थोडे जोरात, नजर पाच-सात मीटर पुढच्या माणसाच्या कमरेवर, चढाच्या टोकाकडे बघायचं नाही. ७:१५ पर्यंत गेलं तरी चालेल. तीस-चाळीस पावलं चालावंसं वाटलं तर भरभर चाला, कमीपणा नाही. केम्प्स कॉर्नरवरून खाली चौपाटीकडे उतरताना मात्र ब्रेक मारत, टाचा आपटत उतरू नका, तुमच्या नडगीला तेच सगळ्यात वाईट. किंचित पुढे झुका, पावलं भराभर, पाय अंगाखालीच पडू देत.

चौपाटीला पोचलात आणि अजून बोलता येतंय, तर आता पळा. तोवरची सगळी कंजुषी इथे खर्च करायची. मरीन ड्राइव्हची गंमत अशी की तो वळलेला आहे, पुढचं टोक सारखं समोर दिसतं आणि जवळ येत नाही, म्हणून टोक बघायचं नाही, पुढचा केशरी टीशर्ट बघायचा, तो गाठायचा, मग पुढचा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुम्हाला ऊन जवळजवळ लागतच नाही, हा हाफवाल्यांचा फायदा, फुल मॅरेथॉनवाले बिचारे उन्हात धावतात. चर्चगेटहून आत फोर्टमध्ये वळलं की बिल्डिंगांमुळे जीपीएस वेडंवाकडं दाखवतं, तिथे पेस बघू नका, रस्त्यावरचे किलोमीटरचे बोर्ड खरे.

फिनिश झालं की धपकन बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, मेडल घ्या, बॅग घ्या, अर्ध्या तासात काहीतरी खा आणि ओला टीशर्ट बदला. सीएसएमटीला संपतं ही डोंबिवलीकरांची चैन आहे, गाडी तिथूनच सुटते, बसायला मिळतं. फक्त डोंबिवलीला उठताना एक स्टेशन आधीपासून तयारीला लागा, आणि ब्रिजचा जिना दिसला की रेलिंग धरा.

आत्तासाठी तुम्ही एवढंच करा: अंगठा दाबून नडगी बघा, आणि कुठल्या प्रकारचं दुखतंय ते मला इथेच खाली लिहा, जागा नेमकी कुठे आणि शूज किती किमी झालेत तेही. मग दहा दिवसांनंतरचे पहिले चार आठवडे मी तुमच्या लोकलच्या वेळेप्रमाणे मांडून देते.